तीन सार्थक अंक आणि अर्धा एकर

गेली बावीस वर्षं मी नाशिकच्या एका कॉलेजात द्रावणाची तीव्रता काढायला शिकवते. निफाडजवळच्या माझ्या सख्ख्या भावाची अर्धा एकर द्राक्षबाग मी याच विषयात घालवली.

मी सुट्टीला त्याच्याकडे गेले होते. दादाला एका नातेवाइकाच्या लग्नासाठी सिन्नरला जायचं होतं, आणि बाग त्याच्यासाठी थांबणार नव्हती. कोवळे घड लांब, मोकळे व्हावेत म्हणून जीए नावाची पावडर वेळेवर फवारावी लागते. "दोनशे लिटरच्या ड्रमला दोन पुड्या. बास," एवढं सांगून तो निघाला.

पुड्या! हे माप मला सहनच होईना. (प्रयोगशाळेत ‘चिमूटभर’ म्हणणाऱ्याला मी बाहेर काढते.) मी वही घेतली. दहा पीपीएम म्हणजे लिटरला दहा मिलिग्रॅम, ड्रमला दोन हजार. पावडर नव्वद टक्के शुद्ध, म्हणून २२२२. त्याचे ग्रॅम केले, तीन सार्थक अंकांत बसवले आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या: २२.२ ग्रॅम.

"ताई, हे तर दोनच पुड्या म्हणले व्हते," वहिनी म्हणाली. "एक पुडी एका ग्रॅमची हाय."

"म्हणूनच तुमचे घड बारीक राहतात."

वहिनी बिचारी दुकानात गेली. दुकानदाराने विचारलं, "अख्ख्या गावाची फवारणी हाय का?"

"आमच्या ताई प्रोफेसर हायेत," वहिनीने अभिमानाने सांगितलं. त्याने होत्या नव्हत्या तेवढ्या पुड्या दिल्या. वरचे ०.२ ग्रॅम मोजायला मी सोनाराचा काटा आणला! वहिनीने ट्रॅक्टरवर बसून फवारणीचा ब्लोअर फिरवला. अर्ध्या एकरात ड्रम संपला. दुसऱ्या ड्रमसाठी दुकानात पुड्याच उरल्या नव्हत्या, म्हणून बाकीची बाग वाचली.

मी नाशिकला परतले आणि आठव्या दिवशी दादाचा फोन आला. "सुमे, ये."

घड लांब झाले होते, पिळवटले होते आणि बोट लागताच कटकन मोडत होते. दादा बांधावर माझी वही घेऊन बसला होता.

"मिलिग्रॅमचं ग्रॅम करताना कितीनं भागत्यात?"

"हजाराने."

"तू शंभरानं भागलंय."

मला रडू आलं. त्याचं अर्ध्या एकराचं वर्षाचं पीक होतं ते. आणि अशा वेळी माझ्या तोंडून काय निघावं? "अंक तिन्ही बरोबर आहेत, दादा."

त्याने वही मिटली. "पेपरात याला किती मार्क कापते?"

"अर्धा."

"मंग बरोबर हाय. माझा बी अर्धाच गेला."

परवा पेपर तपासताना नेमकी हीच चूक सापडली. मी पाचपैकी शून्य दिलं. मुलगा भांडायला आला, "मॅडम, एवढ्याशा टिंबासाठी?"

मी त्याला निफाडची बस कुठून सुटते ते सांगितलं.