बीए, लेहलं का?

ग्रामसभेत बोलायला उठायचं असलं की मोठमाय उजवा हात गुडघ्यावर ठेवायची, डावा जमिनीला टेकवायची आणि गुडघ्यालाच “चाल गं माय” म्हणत उभी राहायची. बोलून झालं की बसायच्या आधी माझ्याकडे वळून विचारायची, “बीए, लेहलं का?”

बीए म्हणजे मी. आईवडील दोघंही मजुरीला जाणारे, आणि त्यांची मुलगी चिखलीच्या कॉलेजातून पदवीधर झाली. आमच्या घरातली पहिली. हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. गावच्या ग्रामपंचायतीत मी कॉम्प्युटरवर दाखले काढून देते. अक्षर चांगलं म्हणून ग्रामसभेचं इतिवृत्तही ग्रामसेवक माझ्याकडूनच लिहून घेतात. गाव अमडापूरच्या रस्त्यावर आहे. नाव सांगत नाही. अशी गावं तुम्ही पाहिलेली आहेत.

आमची सगळी बौद्ध वस्ती तिला मोठमाय म्हणायची. नात्यानं ती माझी कोणी नव्हती. बायांच्या बचत गटाची अध्यक्ष होती, आणि ते कसं झालं हे स्वतःच रंगवून सांगायची. “मी उठून पाणी प्यायले गेली. परत आली तं अध्यक्ष.”

सही तिला मी शिकवली. भाकरी थापायच्या आधी काठवटीतल्या पिठावर बोटानं नाव गिरवायची आणि मग तेच पीठ मळायची. रजिस्टरवर सही करायला तिला इतका वेळ लागायचा की ग्रामसेवकांच्या चहावर साय धरायची. ते घड्याळ पाहायला लागले की म्हणायची, “नाव लंबं हाय साहेब. माह्या बापानं ठेवलं, त्याले इचारा.”

वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. एकदा सभेत ती बराच वेळ बोलली आणि मी लिहिलं, ‘स्वच्छतेबाबत चर्चा झाली.’ वहीत डोकावून म्हणाली, “मी एवढी बोलली अन् एकच ओळ? वाचून दाखव.” मी वाचलं. “चर्चा कोनं केली? मी बोलली ना? मंग माहं बोलणं कुठं हाय?” मी ओळ खोडली आणि पुन्हा लिहायला बसले. तेव्हापासून तिला वाचून दाखवल्याशिवाय वही मिटायची नाही, हा आमचा नियमच झाला.

ती काय बोलली होती ते सांगते. पहाटेच्या गाडीनं प्रवास करणाऱ्यांनी पाहिलंच असेल. डांबरी रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाया दिव्यांचा उजेड आला की उठून उभ्या राहतात, पाठ फिरवतात. गाडी गेली की बसतात. मागची आली की पुन्हा उठतात. तुम्ही गाडीतून पाहता. मी त्या बायांमधून पाहते, कारण मी त्यातलीच आहे. आमच्या वस्तीतली जागा कोणाच्याच नावावर नाही, म्हणून घरोघरी संडास मंजूर होत नाहीत. त्याला बीएचा कागद उपयोगाचा नाही.

सभेत पुरुष खुर्च्यांवर असतात, बाया खाली सतरंजीवर; इतिवृत्त लिहायचं म्हणून बायांतली मी तेवढी खुर्चीवर. त्या दिवशी मोठमाय गुडघा धरून उठली. आधी पदर तोंडाशी नेला, मग काढला. म्हणाली, “गाडी आली की आमी उठतो, गेली की बसतो. माहे गुडघे त्यातच गेले. एका पहाटंत धा खेपा गाडीसाठी उठतो, तं एक खेप सभेत उठली त्यात काय बिघडलं?”

खुर्च्यांतून कोणीतरी म्हणालं, बसून बोला मोठमाय.

“बसूच तं देत नाहीत ना गाड्या.”

हसू आलं आणि मध्येच थांबलं. दोनचार पुरुष जमिनीकडे पाहायला लागले. मग तिनं मागणी सांगितली. वस्तीसाठी एक सार्वजनिक संडास, पाण्यासकट. ‘पाण्यासकट’ हा शब्द तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. त्यानंतर सतरंजीवरच्या इतर बायाही बोलायला लागल्या. पहिल्यांदा बसूनच.

आता माझी गोष्ट. आमच्याकडे सभेला बाया कमी आल्या की रजिस्टर घरोघरी फिरतं. चुलीपाशी, गोठ्यात, जिथं बाई असेल तिथं सही होते आणि कागदावर सभा भरते. त्यात कोणाला वावगं वाटत नाही. काही महिन्यांनी ग्रामसेवक मला म्हणाले, उद्या या पानाची नक्कल तालुक्याला द्यायची आहे, महिलांच्या सह्या घेऊन या, मजकूर मी नंतर टाकतो.

मोठमाय दारात तूर पाखडत होती. मी पान पुढं केलं. तिनं हात पुसले आणि सवयीनं म्हणाली, “वाचून दाखव.” पान कोरं होतं. मी म्हटलं, अजून लिहायचंय, मी घेऊन आलेय ना मोठमाय, मग कशाला?

तिनं पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “तू हायस तं झालं,” म्हणाली आणि सही केली. त्या दिवशी सही पहिल्यांदाच ओळीत सरळ आली होती. तिलाच कौतुक वाटलं. जरा लांब धरून पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्या पानावर मजकूर आला. गावातील प्रत्येक कुटुंब शौचालय वापरते, उघड्यावर कोणीही जात नाही. खाली सह्या. मी तो वाचला, वही मिटली आणि दाखले काढायला बसले. वेशीजवळ गाव हागणदारीमुक्त असल्याचा बोर्ड लागला. पहाटे आम्ही त्याच्याच बाजूनं रस्त्याला जायचो.

पुढच्या सभेत मोठमाय उठली. संडासाचं काय झालं, विचारलं. ग्रामसेवकांनी पान काढून शांतपणे वाचलं आणि वही तिच्यापुढं धरली. गरज नाही असं तुम्हीच सही करून दिलंय, म्हणाले.

तिनं सहीवरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, “बीए, हे माहीच सही व्हय?”

मी म्हटलं, हो.

पान कोरं होतं एवढंच तिला बोलायचं होतं. तीन शब्द. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, आणि ते तीन शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेले मला दिसले. तिनं माझ्या खुर्चीकडे पाहिलं. “मंग माहीच चूक असन,” म्हणाली आणि बसली. लेहलं का, असं विचारलं नाही.

घरी जाताना मी तिला गाठलं. काऊन गप्प बसली, विचारलं. ती चालतच राहिली. “आपल्या वस्तीतली एकच पोरगी खुर्चीवर बसते. तिले मीच उठवू का?”

त्यानंतर ती सभेला यायची, सतरंजीवर टोकाला बसायची आणि सभा संपली की जायची. मी वही उघडी ठेवून थांबायचे. वाचून दाखवायला कोणी सांगायचं नाही.

थंडीत एका पहाटे धुकं होतं. दिवे एकदम जवळ आले. आम्ही सगळ्या उठलो. माझ्या डाव्या हाताला “चाल गं” ऐकू आलं, पुढचं “माय” आलं नाही. गाडी निघून गेली आणि ती दगडांवर पडलेली होती. खुबा मोडला होता. त्यानंतर ती बाजेवरून उठली नाही.

मी रोज जायचे. एका दुपारी तिनं विचारलं, “त्या पानावर जागा उरली का? माह्या सहीखाली?”

उरली आहे, म्हटलं.

“मंग लेह ना.”

एवढंच. काय लिहू, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. चार दिवसांनी ती गेली.

ती गेल्यानंतरच्या पहिल्याच ग्रामसभेत मी खुर्चीवरून उठले. माझे गुडघे चांगले आहेत, तरी हात गुडघ्यावर गेला. मी म्हणाले, त्या पानावर मोठमायची सही घेतली तेव्हा पान कोरं होतं. सही मी घेतली. आमच्या वस्तीतल्या बाया आजही रस्त्यावर जातात, मीही जाते. ग्रामसेवक म्हणाले, मॅडम, विचार करून बोला. मी खाली बसले आणि बोललेलं सगळं वहीत लिहिलं. लिहून झाल्यावर हात तसाच थांबला. सतरंजीच्या टोकाकडून कोणी काही विचारलं नाही. मग मीच उठून सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं.

मला नोटीस आली आहे. खुर्ची आज आहे, उद्याचं माहीत नाही. तालुक्याहून पाहणीला माणसं येऊन गेली. बोर्ड अजून आहे.

पहाटे आम्ही अजून जातो. दिवे येतात, आम्ही उठतो, पाठ फिरवतो. माझ्या डाव्या हाताला एक बाई गुडघा धरून जरा उशिरा उठते. गाडी जाईपर्यंत मी तिकडे मान वळवत नाही. उजेड गेल्यावर पाहते, तेव्हा तिथं नुसते दगड असतात.