न सांगता मांडलेली चूल

ऑफिसात तिला सगळे 'घाई' म्हणत, आणि तिला ते कौतुकच वाटे. कंपनीचं काम उरकलं की उरलेला जीव ती एका फुकट प्रोग्रॅममध्ये ओतायची. पडद्यावरचा मजकूर अंधांना मोठ्याने वाचून दाखवणारा तो प्रोग्रॅम मुळात एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी लिहिलेला. कोड सगळ्यांना खुला. कुणीही घ्या, बदला, वाटा, असं त्यांनीच वर लिहून ठेवलं होतं.

मूळ प्रोग्रॅममध्ये बदल करायचा तर मात्र काकांचा होकार लागे. घाईने सुधारणा पाठवावी, काकांनी 'पाहतो' म्हणावं आणि मग अवाक्षर काढू नये. "म्हातारा स्वतः करत नाही, दुसऱ्याला करू देत नाही," ती नवऱ्यापाशी चरफडायची.

एका रविवारी तिने सगळा कोड उचलला, त्याला नवं नाव दिलं आणि वेगळी चूल मांडली. जुना प्रोग्रॅम आता बंद पडल्यातच जमा आहे, इकडे या, असं वापरणाऱ्यांना जाहीर करूनही टाकलं. लोक भराभर आले. काकांना तिने एक ओळही लिहिली नाही. उगाच वाद नको, अशी तिने मनाची समजूत घातली. खरं तर हिंमत नव्हती.

वर्षभरात तक्रारी येऊ लागल्या. आवाज दम घेत नाही, ओळ कुठे संपली ते कळत नाही. काकांच्या कोडमधल्या काही ओळी तिने अडगळ समजून काढल्या होत्या, त्या नेमक्या याच कामाच्या. आता तिला काका परत हवे होते. पत्ता काढून ती त्यांच्या घरी गेली.

दार काकूंनी उघडलं, चौकट चाचपत. नाव सांगताच म्हणाल्या, "तूच होय ती! अगं, तुझी प्रत्येक सुधारणा मी आठवडे न् आठवडे वापरून बघायचे. मी 'चालेल' म्हटल्याशिवाय हे होकार देत नसत. शेवटची तर फार आवडली होती. कळवणारच होते हे, तेवढ्यात तुझी ती जाहिरात आली. ह्यांच्याच प्रोग्रॅमने मला वाचून दाखवली."

काकूंच्या मागे काका येऊन उभे होते. घाईला कुठे बघावं कळेना. "काका, चुकलं माझं. पुन्हा एकत्र करू या. शेवटचा शब्द तुमचा."

"नाही गं. कुणी काही पाठवेनासं झालं आणि माझी कोड लिहायला बसायची सवयच मोडली. आता नाही जमायचं."

"मी विचारायला हवं होतं."

"विचारायचं कशाला? घ्या म्हणून मीच लिहिलंय की. नुसतं सांगायचं होतंस. मीच सगळ्यांना तुझ्याकडे पाठवलं असतं."

घाई मान खाली घालून तिथेच उभी राहिली. तिचा आवाज येईना, तेव्हा काकूंनी हळूच विचारलं, "गेली का हो ती?"