स्टँडवरची सायकल

आमच्या बीदरात सायकलींना रस्त्याकडेला वेगळी वाट मिळावी म्हणून काही मंडळी फुकटात वेबसाईट बनवायलीत. आमच्या घरासमोरच्याच ओसरीवर बसतात. त्यातल्या एका पोट सुटलेल्या गृहस्थाचं नाव मी कधी विचारलं न्हाई. जगाला सायकल चालवा म्हणणारा हा माणूस रोज रिक्षानं यायचा.

एकदा त्यानं वेबसाईटवरचा आपला फोटो दाखवला. सायकलवर वाकून दात काढून हसायलाय.

"अण्णा, सायकल स्टँडवरच हाय की!"

इकडंतिकडं बघत तो पुटपुटला, "चालवायला येत न्हाई, अक्का. अन् रविवारच्या सायकल फेरीत मलाच पुढं ठेवलेत."

"मग शिका की! लाजायलाव कामून?"

सोमवारी वेबसाईटवर त्याचा फेरीतला, सायकलवरचा नवा फोटो आला. गुडघ्याला पट्टी, डोळे भेदरलेले, हसू तर कुठंच न्हाई. मी फोटो मोठा करून आधी स्टँड बघितलं. वर दुमडलेलं होतं.