वाचणारा पेन आणि लिहिणारा फोन

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. बोलायला लागली की थांबायची नाही, पण पुस्तक उघडलं की तिला तहान लागायची, नाहीतर पोटात दुखायचं. तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. शाळेतल्या विशेष शिक्षिकेने दोन गोष्टी आठवडाभर वापरून बघायला दिल्या: ओळीवरून फिरवला की शब्द मोठ्याने वाचणारा पेन, आणि आपण बोललेलं लिहून देणारं फोनमधलं ॲप. "तिला काय जमतंय ते बघा, तुम्हाला काय आवडतंय ते नको," असं बजावलंही.

पण पेन आधी हातात घेतला तो माझ्या सासऱ्यांनी. शिवाजी पेठेत त्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. नवं यंत्र दिसलं की ते हात लावल्याशिवाय राहत नाहीत. चहाचा पुडा, गोळ्यांचं पाकीट, तीन लग्नपत्रिका, सगळं त्यांनी पेनकडून वाचून घेतलं. मुलीची पाळी आली तेव्हा चार्जिंग संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने तो फिरवला. हात जरा तिरका गेला की पेन वरचा अर्धा शब्द खालच्या ओळीला जोडून वाचायचा.

"आई, ह्याला माझ्यापेक्षा कमी येतंय," म्हणून तिने तो डब्यात घातला.

मग ॲप. सासऱ्यांनी फोन तोंडापुढे धरला आणि ओरडले, "काय पावणं, लिवा की जरा!"

"आबा, त्यानं 'काय पाव, लिंबू की जिरा' लिवलंय!" मुलगी हसून लोळली.

"मी कुठं म्हणलो तसं?"

"हितं हाय की! बघा!"

मी लाटणं घेऊन तशीच उभी राहिले. कुणी न सांगता तिने एक ओळ वाचली होती. त्या संध्याकाळी सासरे बोलत राहिले आणि ती फोनच्या चुका वाचत राहिली. पोटात दुखलं नाही.

ॲप ठरलं. पहिला निबंध तिने स्वयंपाकघरात बसून सांगितला, मी न बघता शाळेत पाठवला. 'फुटबॉल मला आवडतो कारण अगं दूध उतू गेलं' हे वाक्य वाचून तिच्या वर्गाच्या बाईंचा फोन आला. त्यांना हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या निबंधात बाईंनी एकाच ठिकाणी लाल रेघ मारली, 'मी खेळतो' याखाली. आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात. "'खेळते' कर," मी म्हटलं.

"का म्हणून? ॲपनं पयल्यांदा बरोबर ऐकलंय," ती म्हणाली. "मी न्हाय बदलणार."