तुलारामांनी हलवलेली मरळ

लाखांदूर तालुक्यातील एका गावतलावात मासेमारीचा हक्क तेथील ढिवरांच्या सोसायटीकडे आहे. तुलाराम हे तिचे अध्यक्ष. उन्हाळ्यात तलाव आटत जातो आणि मधल्या डोहापुरतेच पाणी उरते. त्या डोहात जाळे टाकायचे नाही, असा रिवाज आहे. पुढच्या हंगामाची मरळ तिथूनच वाढते. रोहू-कतल्याचे बीज विकत मिळते. या तलावातल्या मरळीचे बीज मात्र कुठे विकत मिळत नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या हंगामी अंदाजात पाऊस सरासरीपेक्षा कमी राहण्याची शक्यता अधिक दाखवली होती. अंदाज संपूर्ण पावसाळ्याचा होता, अनेक जिल्ह्यांना धरून होता. तुलारामांच्या मोबाइलवर पोहोचेपर्यंत त्यातली शक्यता गळाली आणि उरले ते एवढेच: यंदा पाऊस नाही.

मे महिन्यात त्यांनी डोहातली मरळ काढून अड्याळजवळच्या खोल तलावात नेऊन सोडायचे ठरवले. तिथल्या सोसायटीचे प्रमुख लक्ष्मणराव हे त्यांच्या पत्नीचे, बेबीबाईंचे, भाऊ.

"डोहाले आजवर कोणी हात लावला नाई," बेबीबाई म्हणाल्या. "तुमीच काहून लावता?"

"आटला तं काय करशीन? सुक्या मरळीची आरती ओवाळशीन का?"

"आटला तं आटला. लोकं पावसाले दोष देतीन. आता तुमाले देतीन."

तरीही डोहात जाळे पडले. ड्रमांत पाणी भरून मरळ टेम्पोने अड्याळला गेली.

जूनचा बहुतेक भाग कोरडा गेला. डोह आकसला, पण आटला नाही. जुलैत लागलेल्या झडीने तलाव सांडव्यापर्यंत भरला. या घटनेवरून अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. एका डोहाबद्दल त्यात विधानच नव्हते. रिवाज खरा ठरला असेही म्हणता येत नाही. पाऊस आणखी उशिरा आला असता, तर काय झाले असते, याला पुरावा नाही.

ऑगस्टमध्ये तुलाराम मरळ परत मागायला अड्याळला गेले.

"जवाईबापू," लक्ष्मणराव हसत म्हणाले, "आंदण देऊन परत मागाले येते का कोणी?" मग त्यांचा आवाज उतरला. "मी एकटा असतो तं आत्ता देलो असतो. पण सोसायटी म्हणते, आमच्या पाण्यात हाय ते आमचं. तुमची कोणती, आमची कोणती, कसं ओळखाचं?"

मरळ सोडताना तुलारामांनी कोणतीही खूण केली नव्हती, आणि खूण करता आली असती असेही नाही.

त्या तलावाच्या पाळीजवळच्या पाण्यात मरळीची एक जोडी आपल्या लाल पिलांचा थवा राखत फिरत होती. तुलारामांनी ती पाहिली आणि ते परत निघाले.

घरी बेबीबाईंनी विचारले, "देली का?"

"नाई देली."

"मंग?"

"पिल्लं झाली हायेत," ते म्हणाले. "तिथं."