मुशीतलं नाणं

मलकापूरच्या त्या सोनारापुढे माझी घासाघीस कधी चाललीच नाही. मी भाव बोललो की तो फुंकणी तोंडाला लावून निखारे फुलवायचा आणि सावकाश म्हणायचा, "पाहू ना, शेटजी." हमाली करत सरकीचा व्यापारी झालेल्या मला असली माणसं सोसत नाहीत.

मला नाद प्राचीन ग्रीक राजांच्या चांदीच्या नाण्यांचा. मोडीत आलेलं असं नाणं तो माझ्यासाठी बाजूला ठेवायचा. एकदा मात्र एका नाण्यावर मी हात टाकताच त्यानं अडवलं.

"हे नाही. उंद्रीच्या एका बाईच्या देवघरातला टाक आहे हा. झिजला म्हणून तिनं नवा घडवाले आणला. याचीच चांदी नव्यात घालायची आहे."

नाण्यावरची ढाल उचललेली ग्रीक देवी अजून ओळखू येत होती.

"दुप्पट चांदी देतो, ती घाल. तिला काय कळतंय?"

"तिले नाही कळणार. पण मंग ती हात कोणाले जोडीन?"

"अबे, दोन हजार वर्षांचं नाणं आहे ते!" मी ओरडलो.

"मंग तर लई जुनी देवी आहे," तो म्हणाला. त्यानं टोपी सारखी केली आणि नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "दर्शन घ्या."

मग चांदी वितळवायची मूस त्यानं माझ्यापुढे धरली.

नाणं मी माझ्याच हातानं मुशीत सोडलं. त्यानं हिसकावून घेतलं असतं, तर मी भांडून मोकळा झालो असतो. तेवढीही सोय त्यानं ठेवली नाही.