नातालमावशीचं उघडं दार

आमच्या नातालमावशीने चर्चच्या वेदीवरची कापडं चाळीस वर्षं धुतली, स्टार्च करून इस्त्री केली. एक सुरकुती कुणी दाखवावी, हिंमत असेल तर! पण नवरा गेला, मुलगी लग्न होऊन मेलबर्नला गेली, आणि तिच्या घरी माणूस यायचं बंद झालं, ते कुणाला दिसलं नाही. मलाही नाही, आणि मी तर तिच्या भिंतीला भिंत लावून राहतो.

मी इनास. एसटीच्या खोपट डेपोला बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. माझा आवाज मोठा आणि डोकं गरम, ते आमच्या चर्चच्या सगळ्या पॅरिशला ठाऊक आहे.

आमच्या गावठाणात पूर्वी ऑक्टोबरात, रोझरीच्या म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या महिन्यात, मरियामातेची मूर्ती घरोघर फिरायची. एक दिवस एका घरी. रिवाज असा, की मूर्ती कुणी मागायची नाही, आणायलाही जायचं नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांनीच संध्याकाळी शेजाऱ्यांना गोळा करून, गात गात पुढच्या दारी पोचवायची. पुढच्यांनी दार उघडं ठेवून वाट बघायची, बस्स. रोझरी झाली की उकडलेले चणे, खोबरं आणि गप्पा. मावशीच्या घरी तेव्हा पाय ठेवायला जागा नसायची. मग घरं बिल्डरला गेली, माणसं टॉवरात गेली आणि मूर्ती चर्चच्या कपाटात गेली.

यंदा नव्याने आलेल्या फादर सायमननी प्रवचनात आम्हाला चांगलंच झापलं. "मिशनसाठी प्रार्थना करता, लांबलांबच्या देशांतल्या माणसांसाठी करता. तुमच्या समोरच्या दारात कोण राहतं? नाव सांगा!" म्हणून मूर्ती परत फिरवायची ठरली, आणि घरांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शेवटचं घर मावशीचं. तारीख सव्वीस.

सव्वीसला मावशीने ठेवणीतली साडी नेसली, चणे उकडले, माझ्याकडच्या खुर्च्या नेऊन मांडल्या आणि दार सताड उघडलं. सात वाजले, आठ वाजले. कुणी नाही. सत्तावीसला नाही, अठ्ठावीसलाही नाही. रोज सकाळी ती चणे भिजत घालायची आणि संध्याकाळी वाडगा घेऊन माझ्या दारात यायची. "खा इनास. टाकवत नाहीत रे."

"अगं मावशी, चणे खाऊन खाऊन माझा घोडा झाला!"

ती हसली नाही. "वाट चुकली असतील," म्हणाली. "आता आपली गल्ली ओळखू येत नाही ना."

तिला नुसती मूर्ती नको होती हो. मूर्तीमागून येणारी माणसं हवी होती. दाटीवाटीने बसणारी, पोरांना दटावणारी, "नाताल, पाणी दे गं" म्हणून हक्काने ओरडणारी.

मूर्ती अडकलेली आधीच्या घरी, टॉवरात. तिथे जेसी नावाची नर्स राहते, केरळची, एकटीच. फोन केला की म्हणायची, "उद्या आणते अंकल." तीनदा तेच. एकोणतीसला माझं टाळकं सटकलं. गेलो, बेल दाबली आणि दारातच आवाज चढवला, "मूर्ती काय तुझ्या मालकीची आहे काय?"

ती तिथेच रडायला लागली. "अंकल, सहा वर्ष मी इथे राहते. घरी कोणी नाही आला. मूर्ती आली तेव्हा बाजूवाले आले, बावीस लोक. रोज येतात आता, प्रेअरला. मूर्ती गेली तर कोण येणार?"

भरल्या गाडीत बत्तीस वर्षं भांडलेला माणूस मी, पण तसाच परत फिरलो आणि मावशीला सगळं सांगितलं. "उद्या जातो आणि उचलूनच आणतो," म्हटलं.

"मूर्ती आणशील रे. माणसं कुठून आणशील?" मावशी खुर्च्या भिंतीला लावायला लागली. मग म्हणाली, "सहा वर्षं? बाई गं!"

तीस तारखेला, दिवेलागणीला, मावशी चण्यांचा डबा घेऊन रिक्षात बसली. मूर्ती आणायला निघाली! जन्मात न केलेली गोष्ट. मला बरोबर घेतलं नाही. "तू ओरडशील," म्हणाली. मी आपला तिच्या घरात मेणबत्त्या लावून, खुर्च्या पुसून बसलो. आज तरी पाच-दहा माणसं येऊ देत, असं मनातल्या मनात म्हणत राहिलो.

आठच्या सुमाराला रिक्षा परत आली. मावशी उतरली. हातात फक्त रिकामा डबा. तिच्या मागून जेसी उतरली.

"मूर्ती कुठाय?" मी ओरडलोच.

"तिकडेच आहे. प्रार्थना झाली, चणेही संपले. राहू दे, तिथे माणसं येतात," मावशी म्हणाली आणि जेसीचा हात धरून तिला आत घेऊन गेली. "माझ्याकडे ही आलीय."